बसलं की दुखतं, आडवं झालं की थांबतं

सिझर होऊन दुसरा किंवा तिसरा दिवस. टाक्यांचं दुखणं आता सोसवण्यासारखं झालेलं असतं. बाळ भुकेनं रडतं आणि बाळंतीण त्याला पाजायला उठून बसते. चार-पाच मिनिटांत कपाळात आणि मानेच्या मागे असा ठणका सुरू होतो, की बाळ दुसऱ्याच्या हातात देऊन तिला परत आडवं व्हावं लागतं. आडवी झाली की थोड्याच वेळात ठणका उतरतो. बाळ पुन्हा रडतं, ती पुन्हा बसते, पुन्हा तेच.

बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या एखाद्या मराठी घरात हे झालं तर पुढचं संभाषण मी न ऐकताही सांगू शकेन. आजी म्हणणार, "वारं शिरलं हिच्या डोक्यात, कान बांधा आधी." मोठी जाऊ म्हणणार, "सांगितलं होतं ना, चोवीस तास उशी घेऊ नकोस म्हणून!" दीर मेडिकलवर जाऊन डोकेदुखीची एक पट्टी घेऊन येणार. कुणीतरी फोनवरून कडक चहा सुचवणार. आणि हळू आवाजात एक वाक्य हमखास निघणार, "ते मणक्यातलं इंजेक्शनच घ्यायला नको होतं."

शेवटच्या वाक्यात थोडं तथ्य आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. हे दुखणं त्या सुईमुळेच येतं. स्पायनल भूल दिल्यानंतर काही जणांना होणारी ही डोकेदुखी वैद्यकशास्त्राला सव्वाशे वर्षांपासून माहीत आहे. तिचं कारण कळलेलं आहे आणि तिच्यासाठी तोंडाने घेण्याच्या बऱ्याच गोळ्यांची एकमेकींशी तुलनाही झालेली आहे. त्या तुलनेतून काय निघालं हे घरातल्या माणसांना कळावं असं मला फार वाटतं, कारण बाळंतिणीच्या पोटात कोणती गोळी जायची हे पुष्कळदा डॉक्टरच्या खुर्चीत न ठरता मेडिकलच्या काउंटरवर ठरतं.

आधी सुई नेमकं काय करते ते पाहू. मेंदू आणि मज्जारज्जू एका स्वच्छ, पाण्यासारख्या द्रवात असतात. मोठ्या माणसाच्या शरीरात हा द्रव एका वेळी साधारण 150 मिलिलिटर असतो आणि दिवसभरात सुमारे 500 मिलिलिटर नव्याने तयार होतो, म्हणजे तो सतत बदलत राहतो. त्याला धरून ठेवणारं जे जाड आवरण आहे त्याचं नाव ड्युरा. स्पायनल देताना भूलतज्ज्ञ कमरेच्या दोन मणक्यांमधून बारीक सुई घालतात, ती ड्युरा पार करून या द्रवात पोचते आणि तिथे औषध सोडलं जातं. सुई जागेवर पोचली याची खूण म्हणून द्रवाचा थेंब सुईच्या मागच्या टोकाला दिसतो. "मणक्यातलं पाणी काढलं" ही घरोघरची समजूत या थेंबावरून आली असावी. भूल देताना पाणी काढत नाहीत. पण सुई बाहेर आल्यावर ड्युराला पडलेलं छिद्र लगेच बुजलं नाही, तर द्रव आतल्या आत, ड्युराच्या बाहेरच्या जागेत झिरपत राहतो. बाहेरून काहीच दिसत नाही.

द्रव कमी झाला की दोन गोष्टी होतात. माणूस उभा राहिला किंवा बसला की मेंदूला खालून मिळणारा आधार अपुरा पडतो, तो किंचित खाली सरकतो आणि त्याच्याभोवतीची आवरणं, शिरा, नसा ताणल्या जातात. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. या ताणल्या जाणाऱ्या भागांना कळते. दुसरी गोष्ट रक्तवाहिन्यांची. कवटीच्या आत जागा ठरलेली आहे, द्रव कमी झाला तर ती जागा भरून काढायला आतल्या शिरा फुगतात आणि त्यांचंही दुखतं. आडवं झाल्यावर ताण सुटतो, म्हणून डोकं थांबतं. मान आखडणं, कानात गुंई आवाज येणं, ऐकू कमी येणं, मळमळ, उजेड नकोसा होणं हेही सोबत असू शकतं.

गोळ्यांचं काम समजायला हे दोन भाग वेगळे लक्षात ठेवावे लागतात. फुगलेल्या शिरांवर काही गोळ्या काम करतात. वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोचण्याच्या वाटेवर काही गोळ्या काम करतात. छिद्र बुजवणारी गोळी मात्र अजून निघालेली नाही. ते शरीर स्वतः बुजवतं.

हे दुखणं पहिल्यांदा नीट लिहून ठेवणारा डॉक्टर स्वतःच त्याचा रुग्ण होता. जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बिअर या सर्जननी 16 ऑगस्ट 1898 रोजी एका मजुराच्या घोट्याच्या ऑपरेशनसाठी कण्यात कोकेन सोडून भूल दिली. काही रुग्णांना नंतर डोकेदुखी आणि उलट्या झाल्या, तेव्हा त्याचा उलगडा व्हावा म्हणून बिअरनी 24 ऑगस्टला स्वतःवर प्रयोग करवून घेतला. सहायक हिल्डेब्रांटनी त्यांच्या पाठीत सुई घातली, पण सिरिंज सुईला बसेना. बिअरांचा पुष्कळ द्रव वाया गेला आणि भूल चढलीच नाही. मग हिल्डेब्रांटनी आपली पाठ पुढे केली. त्यांना भूल छान चढली, इतकी की नडगीवर लोखंडी हातोडा मारलेलाही कळला नाही. दुसऱ्या दिवसापासून बिअरांचं डोकं धरलं. उठलं की असह्य, आडवं झालं की गायब. नऊ दिवस त्यांनी अंथरुणात काढले. द्रव जास्त गेल्यामुळे असं होत असावं हा त्यांचा अंदाज होता, आणि तो आजही मोडलेला नाही.

त्यानंतरच्या दशकांत उपाय म्हणून काय काय सुचवलं गेलं याची यादी मोठी आहे. ती देत बसत नाही, कारण त्यातलं बहुतेक गळून पडलं. ते का गळून पडलं हे मात्र सांगायला हवं.

अमेरिकेतल्या वँडम आणि ड्रिप्स या दोन भूलतज्ज्ञांनी 1956 मध्ये 10,098 स्पायनल भुलींचा हिशोब छापला. त्यात 11 टक्क्यांना ही डोकेदुखी झाली होती. जाड 16 गेजच्या सुईने 18 टक्क्यांना, तर बारीक 24 गेजच्या सुईने 6 टक्क्यांना. बायकांमध्ये प्रमाण पुरुषांच्या दुप्पट होतं. आपल्या विषयासाठी त्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे: ज्यांना दुखलं त्यांतल्या 72 टक्क्यांचं दुखणं सात दिवसांच्या आत गेलं. म्हणजे चारातल्या जवळजवळ तिघी आठवड्यात बऱ्या होतात, मग गोळी कोणती का असेना. चौथ्या दिवशी कुणी काढा दिला, कुणी अंगारा लावला, कुणी महागडी गोळी दिली आणि सहाव्या दिवशी डोकं थांबलं, तर श्रेय त्या त्या उपायाला जातं. घरात जातं तसं दवाखान्यातही जातं. गोळीची खरी शर्यत दुसऱ्या गोळीशी नंतर असते. आधी तिला काळाशी धावावं लागतं.

ही शर्यत नीट लावलेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. 1990 मध्ये विल्यम कामान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही डोकेदुखी झालेल्या 40 बाळंतिणी घेतल्या. वीस जणींना तोंडाने 300 मिलिग्रॅम कॅफिन दिलं, वीस जणींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली मात्रा दिली. कुणाला काय मिळालं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि दुखणं मोजणाऱ्यांनाही नव्हतं. चार तासांनी कॅफिनवाल्या वीसपैकी 18 जणींना आराम पडला होता. पण पोकळ मात्रा घेतलेल्या वीसपैकी 12 जणींनाही आराम पडला होता! दुसऱ्या दिवशी कॅफिन गटातल्या सहा जणींचं डोकं परत दुखू लागलं, आणि चोवीस तासांनंतर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक राहिला नाही.

यातून दोन गोष्टी कळतात. कॅफिन काही तास खरोखर आराम देतं. आणि नुसतं "औषध दिलं आहे" या दिलाशाने, चार तास विश्रांती मिळाल्याने आणि दुखण्याच्या स्वतःच्या चढउताराने वीसातल्या बारा जणींना बरं वाटू शकतं. म्हणून "आमच्या वहिनीला त्या गोळीने फरक पडला" हा अनुभव खोटा नसतो, पण त्यावरून गोळीचं मोल ठरवता येत नाही.

कॅफिन इथे का चालतं? शरीरात अडेनोसिन नावाचा एक पदार्थ असतो, तो मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतो. कॅफिनचा रेणू त्याच्या इतका जवळचा दिसतो, की अडेनोसिनची जागा तो अडवून बसतो आणि रक्तवाहिन्या आकसतात. फुगलेल्या शिरांचं दुखणं त्यामुळे कमी होतं. कॅफिनचा असर उतरला की शिरा परत फुगतात, कारण छिद्र तसंच असतं. साधारण पाच तासांत शरीरातलं अर्धं कॅफिन निघून जातं, त्यामुळे दुखणं परत येण्यात आश्चर्य काही नाही.

आता फोनवरून सुचवलेल्या चहाकडे वळू. सल्ला अगदी अडाणी नाही. पण आपल्या घरच्या एका कप चहात साधारण तीस ते पन्नास मिलिग्रॅम कॅफिन असतं, म्हणजे त्या प्रयोगातली मात्रा गाठायला सहा ते दहा कप लागतील. मेडिकलमध्ये सहज मिळणाऱ्या सॅरिडॉनसारख्या गोळीत कॅफिन असतं, पण फक्त 50 मिलिग्रॅम, आणि बाकी दोन वेदनाशामकं असतात. भरपूर कॅफिन पोचवायचं म्हणून अशा गोळ्या एकामागून एक घेतल्या तर कॅफिन कमीच पोचेल आणि बाकीची औषधं मात्र नको तितकी पोटात जातील.

अंगावर पाजणाऱ्या आईने आणखी एक हिशोब ठेवायचा असतो. तिने घेतलेल्या कॅफिनचा थोडाच भाग दुधात उतरतो, पण नवजात बाळाचं यकृत ते फार सावकाश मोडतं. आईच्या शरीरातून काही तासांत जाणारं कॅफिन बाळाच्या शरीरात काही दिवस रेंगाळू शकतं. बाळ चिडचिडं होतं, झोपत नाही. म्हणून 2023 मध्ये अनेक देशांच्या भूलतज्ज्ञ संघटनांनी मिळून या डोकेदुखीवर ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत कॅफिनची कमाल मात्रा दिवसाला 900 मिलिग्रॅम ठेवली आहे, पण पाजणाऱ्या आईसाठी ती 200 ते 300 मिलिग्रॅमवर आणली आहे, आणि तेही डोकं दुखायला लागल्यापासूनच्या पहिल्या चोवीस तासांत. चहा, कॉफी, गोळी सगळं त्यातच धरायचं.

आणि पॅरासिटामॉल? एवढं साधं औषध एवढ्या विचित्र दुखण्यावर काय करणार असं वाटतं. ते शिरा आकसत नाही, छिद्र बुजवत नाही. पण वेदना कमी करतं, पाजणाऱ्या आईला चालतं आणि ठरलेल्या वेळेला घेतलं तर दिवसभराचा दुखण्याचा स्तर खाली ठेवतं. "दुखलं की घेईन" आणि "सहा-सहा तासांनी घेईन" यांत इथे मोठा फरक पडतो. त्याच्या जोडीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, हीही पाजताना चालणारी औषधं आहेत. मात्र किडनीचा त्रास, अल्सर, दम्याची ठरावीक ॲलर्जी किंवा रक्तस्राव जास्त असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. ही जोडी सगळ्यांना नियमित द्यावी असं 2023 च्या सूचना सांगतात. त्यामुळे तुलनेत पहिला क्रमांक या दोन जुन्या, स्वस्त गोळ्यांचाच लागतो. यात चमक काहीच नाही, पण मला हाच निकाल सगळ्यात उपयोगाचा वाटतो.

एक सावधगिरी मात्र पाळायची. सिझरनंतरच्या चिठ्ठीत पॅरासिटामॉल बहुतेक वेळा आधीच लिहिलेलं असतं, कधी एकटं, कधी दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत. घरच्यांनी वरून आणलेल्या डोकेदुखीच्या गोळीतही तेच असतं. मोठ्या माणसाला दिवसाला चार ग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा, म्हणजे 650 च्या सहा गोळ्या. तीन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्यांमधून ही मर्यादा नकळत ओलांडली जाते आणि यकृताला इजा होते. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचायला घरातल्या शिकलेल्या मुलाला बसवावं.

थिओफिलिन हे कॅफिनचंच भावंड. दम्यावर ते अनेक वर्षं वापरलं गेलं. अडेनोसिनला तेही अडवतं आणि कॅफिनपेक्षा जास्त वेळ टिकतं, म्हणून 1980 च्या दशकापासून या डोकेदुखीवर ते करून पाहिलं गेलं. लहान लहान प्रयोगांत दुखणं कमी झाल्याचं दिसलं. अडचण अशी, की या औषधाची उपयोगी मात्रा आणि त्रासदायक मात्रा एकमेकींच्या फार जवळ आहेत. जरा जास्त झालं की मळमळ, धडधड, हात थरथरणं, आणि फारच वाढलं तर झटके. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक सोबत असेल तर रक्तातलं थिओफिलिन वाढतं. ऑपरेशन झालेल्या माणसाला अँटिबायोटिक चालू असणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. त्यात चहाकॉफीची भर पडलीच. हे औषध घरच्या निर्णयाने घ्यायचं मुळीच नाही.

गॅबापेंटिन आणि प्रिगाबालिन ही नसांच्या दुखण्यावरची औषधं. वेदनेचा निरोप एका पेशीकडून दुसरीकडे जाताना कॅल्शियमच्या ज्या वाटा उघडतात, त्यांवर ती बसतात आणि निरोप मंद करतात. 2014 मध्ये इराणमधल्या डॉक्टरांनी 90 रुग्णांचे तीन गट करून पॅरासिटामॉल, गॅबापेंटिन आणि प्रिगाबालिन यांची थेट तुलना केली. गोळ्या तीन दिवस दिल्या. नंतरची दोन्ही औषधं पॅरासिटामॉलपेक्षा सरस ठरली आणि त्यांतही प्रिगाबालिन पुढे होतं. वाचून आशा वाटते. पण एका गटात तीसच माणसं होती. शिवाय या गोळ्यांनी गुंगी येते, चक्कर येते. रात्री दोन वाजता पेंगुळलेल्या आईच्या कुशीत बाळ असतं, हे दुखण्याच्या आकड्यांत मोजलं जात नाही. मला ते आकड्याइतकंच मोठं वाटतं.

अर्धशिशीवरच्या गोळ्यांचं थोडक्यात. अर्गोटामिन असलेल्या मिश्र गोळ्या आपल्याकडे अर्धशिशीसाठी सर्रास दिल्या जातात, पण पाजणाऱ्या आईला अर्गोटामिन चालत नाही. सुमाट्रिप्टान या दुखण्यावर उपयोगी पडल्याचं सिद्ध झालेलं नाही. "तिला आधीपासून अर्धशिशी आहेच, तीच गोळी देऊ" हा विचार इथे लागू पडत नाही.

हे सगळे प्रयोग एकत्र तपासण्याचं काम कोक्रेन या संस्थेने 2015 मध्ये केलं. जगभरातून हाती लागले ते 13 प्रयोग, आणि सगळे मिळून माणसं 479. रोज हजारो सिझर स्पायनलखाली होत असलेल्या जगात तोंडाच्या आणि इंजेक्शनच्या सगळ्या औषधांसाठी मिळून एवढीच माणसं तपासली गेली! हाती आलं ते असं: कॅफिनने दुखणं टिकून राहण्याचं प्रमाण घटतं, गॅबापेंटिन, थिओफिलिन आणि शिरेतून दिलेलं हायड्रोकॉर्टिसोन यांनी दुखण्याची तीव्रता कमी होते, बाकीच्यांबद्दल ठाम बोलता येत नाही. आणि प्रयोग लहान असल्यामुळे यातलं काहीही जपूनच घ्यावं. आठ वर्षांनी आलेल्या 2023 च्या सूचना आणखी कडक आहेत. नियमित पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणारं वेदनाशामक, सोबत मर्यादित कॅफिन, इथपर्यंत त्या येतात. थिओफिलिन, गॅबापेंटिन, हायड्रोकॉर्टिसोन, ट्रिप्टान ही औषधं सरसकट वापरायला पुरेसा आधार नाही असं त्या म्हणतात.

एखादीला या डोकेदुखीसाठी गॅबापेंटिन लिहून दिलं असेल तर डॉक्टर चुकले असं यावरून समजू नये. एकेका रुग्णापुढे बसलेल्या डॉक्टरला सूचनांच्या पलीकडचं बरंच दिसत असतं. पण "ही नवी, महागडी, म्हणून भारी" असं समजून घरच्यांनी ती मागून घेऊ नये.

उशीचं काय? चोवीस तास सपाट झोपवून ठेवलं की डोकं दुखत नाही, ही समजूत बिअरांच्या काळापासून चालत आलेली आहे आणि आपल्याकडे सिस्टरपासून सासूपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. कोक्रेननेच 2016 मध्ये 24 प्रयोगांतल्या 2,996 माणसांचा हिशोब पाहिला. सक्तीने झोपवून ठेवल्याने डोकेदुखी टळत नाही, असं त्यातून दिसलं. दुखत असताना आडवं पडून आराम घ्यावा, त्यात काही वाईट नाही. पण जिचं डोकं दुखलं, तिने उशी घेतली म्हणून दुखलं असा दोष तिच्या माथी मारू नये. आधीच ती दुखण्याने आणि बाळाच्या रडण्याने रडकुंडीला आलेली असते.

पाण्याबद्दल उलट बोलावं लागतं. खानदेश-निमाडच्या पुष्कळ घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देतात. भरपूर पाणी प्यायल्याने छिद्र बुजत नाही हे खरं, पण पाणी कमी पडलं तर डोकं आणखी दुखतं आणि दुधावरही ताण येतो. तहान लागेल तेवढं पाणी, पेज, अळिवाची खीर, वरण सगळं द्यावं. कान बांधल्याने बरं वाटत असेल तर बांधावेत. त्याने अपाय नाही, मात्र तेवढ्यावर थांबू नये.

गोळीपेक्षा जास्त फरक सुई पाडते. हा भाग रुग्णाच्या घरी कुणाला माहीत नसतो. हेन्रिश क्विंके यांच्या नावाची सुई टोकाशी तिरकी कापलेली, धारदार असते. 1951 मध्ये हार्ट आणि व्हिटेकर यांनी पेन्सिलीच्या टोकासारखी सुई वापरात आणली. तिचं टोक बंद असतं आणि औषध बाजूच्या छिद्रातून बाहेर येतं. पुढे 1987 मध्ये स्प्रोटे यांची तशीच सुई आली. बुऱ्हाणपुरात पॉवरलूमवर काम केलेल्याला फरक समजावून सांगायची गरज नाही: ताणलेल्या कापडात पातं घातलं तर धागे तुटतात, गुळगुळीत टोक घातलं तर धागे बाजूला सरतात आणि काढल्यावर परत जवळ येतात. ड्युराही तंतूंचीच विणलेली आहे. 2018 मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात 110 प्रयोगांतल्या 31,412 माणसांचा एकत्र हिशोब आला. धारदार सुईने 11 टक्क्यांना डोकेदुखी झाली, पेन्सिल टोकाच्या सुईने 4.2 टक्क्यांना. कुठल्याही गोळीने एवढी मजल मारलेली नाही. पेन्सिल टोकाची सुई महाग पडते, म्हणून अनेक ठिकाणी धारदार सुईच पण खूप बारीक गेजची वापरतात, त्यानेही धोका घटतो. ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ भेटायला येतात तेव्हा "डॉक्टर, सुई कोणती वापरणार?" एवढं विचारायला हरकत नाही.

तरीही स्पायनल नको म्हणणं चूक ठरेल. याच बुऱ्हाणपुरात 1631 मध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल गेली. बादशहाची बेगम असूनही तिला अडलेल्या बाळंतपणातून सोडवणारं काही कुणाजवळ नव्हतं. आज देशात पाचात एकाहून अधिक बाळंतपणं सिझरने होतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा 21.5 टक्के आहे. त्यांतली बहुतेक सिझर आई जागी असताना, श्वासनळीत नळी न घालता होतात, ते याच सुईमुळे. आठवडाभराची डोकेदुखी ही त्या मानाने लहान किंमत आहे, पण जिला ती मोजावी लागते तिला पूर्ण उपचार मिळायला हवेत.

आणि गोळ्यांच्या तुलनेत शिरण्याआधी ही डोकेदुखी खरोखर तीच आहे ना, हे ठरवावं लागतं. बाळंतपणानंतर डोकं दुखलं की पहिलं काम ब्लड प्रेशर मोजणं. गरोदरपणातला रक्तदाबाचा विकार बाळंत झाल्यावरही उफाळू शकतो, आणि डोकेदुखी हे त्याचं पहिलं लक्षण असू शकतं. मेंदूच्या शिरेत गुठळी होण्याचा धोकाही याच दिवसांत वाढलेला असतो. आडवं झाल्यावरही डोकं थांबत नसेल, ताप असेल, झटका आला, नजर धूसर झाली, बोलणं अडखळलं, हात किंवा पाय लुळा पडला, गुंगी वाढत गेली, किंवा आधी बसल्यावरच दुखणारं डोकं आता सतत दुखू लागलं, तर गोळी बदलून पाहत घरी बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. क्वचित द्रव खूप कमी होऊन मेंदूवरच्या शिरा ताणल्याने आवरणाखाली रक्त साकळतं, आणि दुखण्याचा स्वभाव बदलणं ही त्याची खूण असू शकते.

दोन-तीन दिवस नियमित गोळ्या घेऊनही आईला बाळ घेऊन बसता येत नसेल, तर पुढचा उपाय तोंडाने घेण्याचा नाही. 1960 मध्ये गॉर्मली या अमेरिकन सर्जनच्या लक्षात आलं, की सुई टोचताना थोडं रक्त आलेल्यांचं डोकं कमी दुखतं. त्यावरून रुग्णाचंच रक्त ड्युराच्या बाहेरच्या जागेत सोडायचा उपाय निघाला. आज भूलतज्ज्ञ हातातून साधारण 20 मिलिलिटर रक्त काढून तिथे सोडतात. ते छिद्रावर गोठून बसतं आणि आतला दाबही लगेच वाढवतं. पुष्कळ जणींना त्याच दिवशी उठून बसता येतं, काहींना तो दुसऱ्यांदा करावा लागतो. लहान नर्सिंग होममध्ये ही सोय नसेल तर बुऱ्हाणपूरहून खंडवा, जळगाव किंवा इंदूरच्या मेडिकल कॉलेजच्या भूलशास्त्र विभागाकडे जाता येतं. गाडीत मागच्या सीटवर आडवं होऊनच प्रवास करावा.

हे सगळं वेळेवर व्हावं म्हणून डिस्चार्जच्या कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: भूल कोणत्या प्रकारची होती, सुई कोणती आणि किती गेजची, आणि भूलतज्ज्ञांचा फोन नंबर. डोकं दुखलं की टाके पाहणाऱ्या डॉक्टरांसोबत भूलतज्ज्ञांनाही फोन करावा. एकदा हे दुखणं होऊन गेलेलीला पुढच्या वेळीही ते होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, म्हणून तो कागद फाईलमध्ये जपून ठेवावा आणि पुढच्या ऑपरेशनच्या वेळी, मग ते सिझर असो की हर्नियाचं, भूलतज्ज्ञांना आधी दाखवावा. तो पाहून ते पेन्सिल टोकाची सुई आधीच मागवून ठेवू शकतात.